होडीवालीच्या गोष्टीत अडकलेली सुई

मी एक जुनी विणकामाची सुई आहे. पण मित्रांनो, जन्मानं मी सायकलची तार! हसू नका. चिंचवड स्टेशनजवळ करीमभाईंचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या एका सायकलच्या चाकात मी गरगर फिरत होते. एक दिवस सायकल खड्ड्यात गेली आणि चाक पार वाकडं झालं. करीमभाईंनी आम्हा तारांना काढून एका डब्यात टाकलं. मला वाटलं, संपला आपला खेळ. आता भंगारात जायचं.

पण शेजारच्या खोलीत सुमनताई राहायला आल्या आणि माझं नशीब फळफळलं. करीमभाईंच्या बायकोनं, खातूनबींनी, त्यांना विणायला शिकवायचं कबूल केलं होतं. सुया मात्र खातूनबींकडं एकच जोड, आणि त्यावर त्यांचा स्वतःचा मफलर चढलेला. मग त्यांनी नवऱ्याच्या मागं भुणभुण लावली. करीमभाईंनी डब्यातून मला आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या तारेला उचललं, आमच्या वाकड्या माना सरळ केल्या, वीतभर ठेवून बाकीचं तोडलं आणि टोकं दगडावर घासघासून गुळगुळीत केली. मागच्या टोकाची चपटी टिकली तेवढी ठेवली, टाके निसटू नयेत म्हणून. मग मला स्वतःच्या गालाला लावून ते म्हणाले, "हां! आता लोकरीलासुद्धा ओरखडा यायचा न्हाई." चाकात असताना माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं हो. त्या दिवशी मी अशी काही चमकले की माझं मलाच कौतुक वाटलं!

ही गोष्ट एकोणीसशे छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराची. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. सुमनताईंचे यजमान, ज्योतीराम, तिथं कामाला लागले म्हणून हे कुटुंब साताऱ्याकडून इकडं आलं. घरात माणसं तीनच. ज्योतीराम, सुमनताई आणि सासूबाई मंजुळाबाई. मंजुळाबाईंचा आवाज असा खणखणीत की त्या दारात बोलल्या तर स्टेशनवरच्या हमालानं मागं वळून बघावं.

सुमनताईंना दोन नाद होते. एक लोकरीचा आणि दुसरा पुस्तकांचा. पुस्तकंही एका वेळी एक नाही, तीन-तीन. चुलीजवळ घरगुती औषधांचं एक पुस्तक असे. दूध उतू जाईपर्यंत ते वाचायचं. हो, उतू जाईपर्यंतच, कारण दुधाकडं लक्ष कुणाचं! दाराशी बसून भाजी निवडताना हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तक. आणि दुपारी विणताना वाचनालयातून आणलेला एका जुन्या मासिकाचा वर्षभराच्या अंकांचा खंड. लाल कापडी पाठीचा, पाटाएवढा. त्यात एका होडीवालीची गोष्ट महिन्यामहिन्यानं पुढं सरकत होती. सुमनताई ती मोठ्यानं वाचत. मनात वाचलं तर हात थांबतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता विणता विणता वाचायचं म्हणजे काय गंमत असते, ते माझ्याकडून ऐका. पुस्तक पुढ्यात उघडं ठेवायचं, त्यावर खलातला बत्ता आडवा ठेवायचा आणि डोळे अक्षरांवर, बोटं लोकरीवर. इथवर झकास. पण पान संपलं की ओळ अर्धीच विणलेली असे! मग विणकाम खाली ठेवा, बत्ता उचला, पान उलटा, बत्ता ठेवा, विणकाम घ्या. तेवढ्यात एखादा टाका घसरलाच म्हणून समजा. ओळ संपली की सगळे टाके जोडीच्या सुईवर, माझ्या बहिणीवर, जात आणि मी मोकळी. तेव्हा कुणी हाक मारली तर सुमनताई मला पानांत खूण म्हणून ठेवत आणि उठत. मी मजेत पडून राही. वाचणारी सुई उभ्या चिंचवडात माझ्याशिवाय दुसरी नव्हती!

उन्हाळा भर रंगात आला आणि एका संध्याकाळी ज्योतीराम बातमी घेऊन आले. जूनच्या पहिल्या तारखेपासून त्यांना कारखान्याच्या थंड खोलीत काम मिळणार होतं. तिथं औषधं गारव्यात ठेवलेली असत. बाहेर डांबर वितळतंय आणि आत दातांवर दात वाजतायत, अशी ती खोली. वरून घालायला कोट मिळणार होता, पण आधीची माणसं म्हणत होती, आत लोकरीचं काहीतरी हवंच. आणि स्वेटर विकणारे तर थंडीशिवाय फिरकत नसत.

"मी विणते की!" सुमनताई म्हणाल्या. "बिनबाह्यांचा. महिन्यात होईल."

मंजुळाबाई जात्याजवळून गरजल्या, "व्हय, व्हईल! एक डोळा पुस्तकात, एक डोळा सुईवर. पोराला काय अर्धा स्वेटर घालून धाडतीस? ऐक. पयल्या तारखेला ह्याच्या अंगावर स्वेटर दिसला न्हाई, तर वाचनालयाचं कार्ड परत द्यायचं. पुस्तकं बंद म्हंजी बंद."

"आणि दिसला तर, आत्याबाई?"

"तर वाच की, काय वाचायचं ते. मी चकार शब्द काढायची न्हाई."

"ठरलं," सुमनताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बहिणी कामाला लागलो. दोन सुलट, दोन उलट. उन्हानं हाताला घाम येई, लोकर बोटांना चिकटे, सुमनताई पदराला हात पुसून पुन्हा सुरू करत. जत्रेतल्या टांग्यात माणसं बसावीत तसे टाके आमच्या अंगावर दाटीवाटीनं बसत. तरी दुपारचं वाचन सुरूच होतं. मंजुळाबाई तांदूळ निवडायला जरा लांब, भिंतीकडं तोंड करून बसत. गोष्ट ऐकतोय असं त्यांनी कधी दाखवलं नाही. पण होडीवाली पुराच्या पाण्यात नवरानवरीला घेऊन निघाली, तेव्हा तांदळातले खडे बाजूला काढायचे सोडून त्या तांदूळच बाजूला काढत होत्या. मी पाहिलं ना! मी तेव्हा मोकळीच होते.

पाठ विणून झाली. पुढची बाजू निम्म्यावर आली आणि मे महिना सरत आला. एका दुपारी सुमनताईंनी स्वेटर मापाला धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. होडी भर नदीत, दोर तुटलेला, वल्हं वाहून चाललेलं, अशा ऐन ठिकाणी गोष्ट आली होती. सुमनताईंनी तिथंच मला पानांत ठेवलं, खंड मिटला, छातीशी धरला आणि तरातरा वाचनालयात जाऊन तो परत केला. स्वेटर पुरा होईपर्यंत मोहच नको, असा त्यांचा विचार. विचार चांगला होता हो. पण मी आतच होते त्याचं काय?

वाचनालयाच्या आबाजींनी खंड कपाटात ठेवला आणि खट्कन दार लावलं. काळोख! वाळवीच्या औषधाचा वास! मी ओरडले असते, पण सुईला आवाज कुठला? मला एकच दिसत होतं. तिकडं माझी बहीण अर्धा स्वेटर अंगावर घेऊन एकटी बसली असेल. एका सुईनं कुणी विणलंय का कधी? आणि माझ्या सुमनताईंची पुस्तकं माझ्यामुळं सुटणार! असं रडू आलं म्हणून सांगू!

घरी काय झालं ते मला नंतर बहिणीनं सांगितलं. सुमनताईंनी गाद्या झटकल्या, डबे उपडे केले, चुलीतली राखसुद्धा चाळली. करीमभाईंकडं धावल्या, तर दुकानाला कुलूप. करीमभाई आणि खातूनबी दोघंही लग्नासाठी चाकणला गेलेले. सुमनताई मटकन खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या.

मंजुळाबाई म्हणाल्या, "बघ! म्हणत हुते ना मी?" पण त्यांच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. दुसऱ्या दुपारी त्या तांदूळ घेऊन बसल्या. ताट पुढं केलं, मागं केलं. उठल्या, पाणी प्यायल्या, परत बसल्या. घर कसं गप्प. शेवटी त्यांनी डोक्यावर पदर घेतला, "आले गं जरा," म्हणाल्या आणि थेट वाचनालय गाठलं. जन्मात पहिल्यांदा!

मला कपाटातून त्यांचा आवाज ऐकू आला. तो कुणाला नाही ऐकू येणार?

"आवं, ते पुस्तक द्या."

"कोणतं, बाई? नाव सांगा," आबाजी म्हणाले.

"नाव मला काय ठावं? जाडजूड हाय, लाल पाठीचं. त्यात ती होडीवाली मधीच अडकलीया. सुनेनं काल आणून दिलं बघा. तिच्याच नावावर मांडा."

आबाजी हसले. त्यांनी खंड काढला, धूळ झटकायला उघडला आणि मी टणकन फरशीवर पडले.

मंजुळाबाईंनी मला उचललं. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. त्या तर गोष्टीसाठी आल्या होत्या, माझ्यासाठी नाही. मला तिथंच टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? पैज त्यांचीच होती. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मला आपल्या अंबाड्यात खुपसलं, वर पदर ओढला आणि निघाल्या. संपलं! मी म्हटलं, आता मी केसांचा आकडा होऊन मरणार.

घरी आल्या. खंड सुमनताईंच्या पुढ्यात दणकन ठेवला. मग अंबाड्यातून मला काढून म्हणाल्या, "घे तुझी भवानी. पुस्तकात झोपली हुती."

सुमनताईंनी मला गालाला लावलं. मग हळूच म्हणाल्या, "पण पुस्तक कशाला आणलंत, आत्याबाई? आता वाचायला वेळ कुठाय?"

"मग त्या बाईला काय नदीतच ठिवायचं?" मंजुळाबाई कडाडल्या. "ती लगीनघाईची माणसं बुडाली का तरली? रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या! तू इण आणि वाच. पानं मी उलटते."

पानं मी उलटते! इतकी साधी गोष्ट, आणि ती कुणाला सुचली होती का? बत्ता खलात गेला. अक्षर वाचता येत नसलं तरी मंजुळाबाई मांडी घालून पुस्तकाशी बसल्या. सुमनताईंनी मान हलवली की त्या पान उलटत. हातातलं विणकाम खाली ठेवायचं कामच उरलं नाही. आम्ही बहिणी अशा पळालो की सायकलच्या चाकातही कधी एवढ्या पळालो नव्हतो. होडी काठाला लागली तेव्हा मंजुळाबाईंनी जमिनीवर थाप मारली आणि सुमनताईंचा एक टाका उलट्याचा सुलट झाला. "ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "कुठं काठाला लागलो ते कळंल."

एक जूनला भर उन्हात ज्योतीराम स्वेटर घालून घराबाहेर पडले. "आई, कारखान्यात जाऊन घालतो की, जीव चाललाय माझा!" असं ते परोपरीनं सांगत होते. पण मंजुळाबाई कुठल्या ऐकतायत? "अंगावर दिसला पायजे असं ठरलंया. स्टेशनापातुर घालून जा." चाकणहून परतलेले करीमभाई दुकानातून ओरडले, "ज्योतीराम भाऊ, हिमालयाला निघाला का?" सगळी गल्ली हसली. घामानं निथळणारे ज्योतीरामही हसले. आणि मी? माझा ऊर नुसता भरून आला होता.

कार्ड सुमनताईंकडंच राहिलं. त्यानंतर किती स्वेटर झाले आणि किती खंड संपले, मी मोजले नाहीत. आता माझी चमक गेलीय, टिकलीला गंज धरलाय आणि मी बिस्किटांच्या डब्यात बहिणीशेजारी पडून असते. मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा डबा असेल. त्यातलं वाकडं-तुटकं फेकण्याआधी एकदा हातात घ्या, घासूनपुसून बघा. आणि पुस्तक परत देताना पानं चाळून घ्या. आत कुणाची तरी वाट बघत कुणीतरी पडलेलं असतं.

एवढं सांगून गप्प बसणार होते, पण एक दुपार राहिलीच. पुढच्या उन्हाळ्यातली. सुमनताई मोठ्यानं वाचत होत्या, मध्येच टाके मोजायला थांबल्या. मी मोकळी, पानावर पडलेली. मंजुळाबाईंना काही धीर निघेना. त्यांनी मला उचललं, माझं टोक पुढच्या शब्दाखाली ठेवलं आणि अडखळत, पण नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "न... दी."

सुमनताईंच्या हातातलं मोजणं सुटलं. "आत्याबाई, तुम्ही वाचलंत!"

"मग? रोज पानं उलटते ती काय आंधळ्यावानी?" मंजुळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पुढच्या शब्दाखाली सरकवलं. "तू टाके मोज. आज मी वाचते."