थापेची पाहणी

भिंगरीच्या मामाचा धंदाच मुळी लोकांच्या थापा पकडण्याचा होता. विमा कंपनीसाठी तो नुकसानीची पाहणी करायचा. दुकान जळालं, गाडी ठोकली, पाइप फुटून गालिचा भिजला की हा हजर. मोजायची टेप लावायचा, फोटो काढायचा आणि मग गोड आवाजात प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नांपुढं भल्याभल्यांची बोबडी वळायची. अशा माणसाला भाचीसाठी थाप शोधायला बसवणं ही बहिणीची चूकच होती. पण बहीण दातांच्या दवाखान्यात काउंटरवर, आणि घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं.

"बाईंनी थापेची गोष्ट लिहायला सांगितलीय. आज नुसत्या कल्पना जमवायच्या," भिंगरी म्हणाली. "थाप उद्या वर्गात लिहायची आणि उभं राहून वाचायची. आणि मामा, मला थापा येत नाहीत."

हे मात्र खरं होतं. तिनं आजवर मारलेली एकमेव थाप म्हणजे 'पोट दुखतंय', आणि तीसुद्धा दारापर्यंत टिकली नव्हती. मागच्या वेळी गोष्ट वाचताना कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली आणि ही मध्येच खाली बसली. तेव्हापासून मुलं तिला 'अर्धी गोष्ट' म्हणत. उद्याही तसंच झालं, तर ते नाव काही सुटायचं नाही.

"मी आहे ना!" मामा बटाटे सोलता सोलता म्हणाला. "बोल, पहिली कल्पना."

"एक मांजर होती. हत्तीएवढी."

"मग दारातून आत आली कशी?"

भिंगरीनं दाराकडं पाहिलं. "मग घोड्याएवढी."

"घोडा जिना चढेल आपला?"

"कुत्र्याएवढी?"

"कुठल्या जातीच्या?"

"मांजर मांजराएवढीच होती," भिंगरी म्हणाली आणि तिनं वही मिटून टाकली.

मामानं समाधानानं मान हलवली. कामावर असता तर इथं त्यानं पेनाला टोपण लावलं असतं. मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडं गेलं आणि हातातला बटाटा तसाच राहिला. आपण पोरीचा क्लेम नामंजूर करून बसलो होतो.

"हे बघ," तो म्हणाला, "मी प्रश्न विचारला की सगळे तुझ्यासारखेच मागं सरकतात. एकच गडी सरकला नव्हता. छत्रीवाला. म्हणे, वारा आला, सगळ्या छत्र्या एकदम उघडल्या आणि दुकान उडालं. मी विचारलं, उतरलं कुठं? म्हणे, मागच्या गल्लीत. म्हटलं, मग परत का नाही आणलं? तर म्हणे, साहेब, तिथं भाडं कमी आहे!"

"मग दिलेस पैसे?"

"छे! पण घरी जाईपर्यंत हसत होतो." मामानं सुरी खाली ठेवली. "तो प्रत्येक प्रश्नाला एक पाऊल पुढं यायचा. तू पण ये. मी काय खातो का तुला?"

भिंगरीनं बराच विचार केला. "आईची शिंक," ती म्हणाली.

"ती मोठीच असते. त्यात थाप कसली?"

"काल दवाखान्यात शिंकली, तर एका पेशंटची दुखरी दाढ आपोआप बाहेर पडली."

"नेमकी दुखरीच कशी?"

भिंगरी अडखळली. मागं सरकणार, इतक्यात थांबली. "बाकीच्या दाढांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवलं होतं."

"बरं. डॉक्टर कुठं होते?"

"ते उडून छताला चिकटले."

"खाली कसे उतरले?"

"उतरलेच नाहीत."

"मग आज दवाखाना कसा चालू आहे?" मामाचा आवाज एकदम कामावरचा झाला.

"वरूनच तपासतात. ती खुर्ची वर जाते ना बटण दाबलं की? ती पार वर नेतात."

मामाला ठसका लागला. त्यानं पाणी पिऊन पुढचा प्रश्न शोधला, पण सापडला नाही. अशी वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती.

रात्री बहिणीनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "दादा, डॉक्टरांच्या कानावर गेलं तर मला घरी बसवतील ते!" म्हणाली आणि हसता हसता बटाट्याची भाजी परत वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मामा एका भिजलेल्या गोदामात घोट्याएवढ्या पाण्यात उभा असताना फोन वाजला.

"मामा! सगळा वर्ग बाकांवर चढून हसला. बाई खुर्चीवरून पडल्या. शेजारच्या वर्गाची भिंतसुद्धा हसून हसून तडकली!"

"भिंत किती तडकली?" मामाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मामानं जीभ चावली.

"खरं सांगू?" भिंगरी हळूच म्हणाली. "मागच्या बाकावरचे दोघंच हसले. पण मामा, ते कध्धीच हसत नाहीत. आणि मी शेवटपर्यंत वाचलं."

"मग भिंतीचं काय ते बघून घेऊ आपण," मामा म्हणाला, आणि गोदामाचा मालक बघत असतानाही त्याला हसू आवरेना.