कानाने पारखलेलं मशीन

उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला. डावा त्याच्या मागोमाग निघाला आणि अजून वाटेत आहे. जाड आवाज येतात, तीक्ष्ण आवाज आणि शब्द येत नाहीत. आलेच तर अर्धे येतात, शेपूट तुटलेले. म्हणून इथून पुढे जिथे नुसती रेघ दिसेल, तिथे समोरच्याचे ओठ हलले एवढंच मला माहीत आहे असं समजा.

घरात हे फक्त हिला माहीत होतं. ही म्हणजे बायको.

"पोरीला सांगा," ती माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणायची. "तिने नोकरी सोडायच्या आत सांगा."

"सांगतो."

"कधी? तिचे केस पिकल्यावर?"

"सांगतो म्हटलं ना."

नाही सांगितलं.

पोरगी पंपांच्या कारखान्यात तपासणीला होती. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे, चुकलेल्यावर लाल ठिपका द्यायचा. नऊ वर्षं ठिपके दिले. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, बाबा, आपण दोघं मिळून बनवू. तुम्ही काढा, मी मोजते. त्याच कारखान्याने नमुन्याला बारा बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या गोल नळ्या, मागितले होते. बारा पास झाले तर वर्षभराचं काम. लोखंड फिरवून कापणारं नवं लेथ मशीन आमच्या आवाक्यात नव्हतं, जुनंच बघायचं होतं, आणि जुनं निवडायला मी होतो. छत्तीस वर्षांचा टर्नर. अख्खं शॉप ज्याला मास्तर म्हणायचं. ओळीतल्या कुठल्या मशीनचं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते जो दारातून सांगायचा.

तिने राजीनामा दिला तो या कानांच्या भरवशावर.

•

जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याची शेड. शेजारी पत्र्याचं प्रेस शॉप, भिंतीला भिंत लागून. दर दोन सेकंदांनी जमीन हादरत होती.

मशीनला ताजा हिरवा रंग मारलेला. रंगाला मी भुललो नाही. लोखंड पकडून फिरवणाऱ्या चकच्या पुढे, जिथे रोजचं काम होतं, तिथे मशीनच्या लांब बेडवरून नख फिरवलं. झीज होती, पण वयाच्या मानाने कमी. गिअरचे दात एकेक करून बघितले. हत्यार धरून सरकणारं कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे अडलं नाही, कुठे सैल पडलं नाही. डोळ्यांनी आणि हातांनी जे बघायचं असतं त्यात मी एकही चूक केली नाही. हे कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे, म्हणून लिहितो.

"मास्तर," व्यापारी म्हणाला, "——— घरच्यासारखं ———, एकाच हाताने ———."

"हो ना," मी म्हणालो.

तो हसला. हसायची जागा दिसली म्हणून मीही हसलो.

मग मशीन चालू केलं. मी खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक हेडस्टॉकवर, चकमागच्या पेटीवर, बरोबर बेअरिंगच्या जागी, आणि मूठ कानामागच्या हाडावर. हे करताना लोक बाजूला सरकतात, गप्प होतात. पूर्वी या मुठीतून बेअरिंग माझ्याशी बोलायचं. चांगलं असेल तर लांबून येणारी एकसारखी हवा. गोळी फुटली असेल तर कुणीतरी वाळू चघळतंय असं.

शांत होतं.

मला शांतता ऐकू आली आणि मी ती मशीनची समजलो. समजलो, की समजून घेतली, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. हात ठेवून बघितलं, तर हाताला प्रेसचा हादरा लागत होता, दर दोन सेकंदांनी. हाताचं काय धरायचं.

पोरगी बॅग उघडून माझ्याकडे वळली. तिच्या मागे खिडकी, चेहरा काळा.

"बाबा, ——— लावू का?"

फोन लावू का, दार लावू का, आणखी काही. मी अंदाज बांधला. अंदाज बांधण्यात मी आता तरबेज आहे.

"नको. काही गरज नाही."

तिने बॅग बंद केली. तेवढ्यात मागून पैलवान काहीतरी बोलला. पैलवान म्हणजे क्रेनवाला; फुंकर मारली तर उडून जाईल असा, म्हणून पैलवान.

"ताई, ——————?"

पोरीने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने क्रेनमध्ये जाऊन बसला. मग ती माझ्यासमोर आली, उजेडात.

"घ्यायचं?"

हे ऐकू आलं.

"घ्यायचं."

•

मशीन उचलताना कान लागत नाहीत.

दोन टन वजन. चक उतरवून वेगळा बांधला. कॅरेज मागे सरकवून तोल साधला. पैलवान पट्टा लीड स्क्रूवरून नेत होता. मी त्याच्या मनगटावर चापट मारली. तो लांब आट्यांचा दांडा मशीनचा कणा असतो, त्यावर वजन आलं की वाकला, आणि मग ते मशीन आयुष्यभर खोटं कापतं.

"मास्तर, माझ्या हातून आजवर एकही वाकला नाही!"

"आज वाकला असता की."

क्रेन म्हणजे हातांची भाषा. अंगठा वर: उचल. तळवा खाली: सोड. मूठ: थांब. लटकलेल्या मशीनखाली कुणाचा हात नाही, पाय नाही, मान नाही. आमच्या दारापाशी लोखंडी पाईप खाली घातले आणि त्यांवरून बोटबोट ढकलत आत नेलं. मागून मोकळा झालेला पाईप उचलायचा, पुढे ठेवायचा, पहार लावायची. दोन तास. माझ्या मुठीवर सगळे थांबत होते, माझ्या अंगठ्यावर सगळे हलत होते. त्या दोन तासांत माझ्याइतकं ऐकणारं तिथे कुणी नव्हतं.

पोरगी घामाघूम होऊन हसत होती. ——— असं काहीतरी म्हणालीही. काय ते कशाला विचारायचं, चेहऱ्यावर होतंच.

पायाच्या बोल्टांभोवती ओतलेलं काँक्रीट वाळायला दिवस दिले, घाई केली नाही. मग लेव्हल. बेडवर स्पिरिट लेव्हल ठेवायची, पायाखाली कागदासारखी पत्र्याची पट्टी सरकवायची, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, पुन्हा बघायचं. बुडबुडा मध्यावर थांबला तेव्हा पोरीने त्याचा फोटो काढला. वायरमनने लाल बटण बसवलं, कुठूनही हात पोहोचेल असं. चकवर जाळीचं झाकण आलं.

शेवटी तेल. मशीनच्या पाटीवर पातळ तेल लिहिलेलं. मी बूच काढलं, तर जुनं तेल मधासारखं धारेने पडलं, तुटेचना.

"बघ," मी पोरीला म्हणालो, "कसलं जाड तेल घालतात. अडाणी लोक."

व्यापारी अडाणी नव्हता. जाड तेलात बेअरिंगचा आवाज बुडतो, हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. डबा भरताना हाताला ठाऊक होतं. तोंड दुसरंच बोलत होतं.

•

पातळ तेल भरलं. बटण दाबलं.

आधी वायरमन. त्याने दोन्ही हात कानांवर नेले. मग पैलवान, तो आपल्या साखळ्या परत न्यायला आला होता, त्याने दात आवळले. मग पोरगी. तिच्या चेहऱ्याचं वर्णन मला करता येणार नाही. तिने झेप घेऊन लाल बटण मारलं.

"का बंद केलं?" मी विचारलं. "चांगलं चाललंय की."

कुणी काही बोललं नाही. निदान ओठ हलले नाहीत.

"काय झालं?"

"बाबा, ———?"

"काय?"

ती जवळ आली. माझे खांदे धरून मला उजेडाकडे वळवलं आणि लहान मुलाला शब्द शिकवतात तसं एकेक करून म्हणाली, "तुम्हाला. हे. ऐकू. येत नाही?"

आता इथे मी एक रेघ मारतो. माझीच.

———

मी मशीन पुन्हा चालू करायला लावलं आणि हेडस्टॉकवर तळवा ठेवला. इथे शेजारी प्रेस शॉप नव्हतं. हातात खडी फिरत होती.

•

त्या दुपारी मी तिच्याकडून रिकाम्या जागा भरून घेतल्या. ती पायरीवर बसली होती, मी समोर खाली. मी म्हणालो, सगळं सांग, जसं होतं तसं. ती तपासणीतली पोरगी, तिला सगळं आठवतं.

व्यापारी म्हणाला होता: मास्तर, मशीन घरच्यासारखं सांभाळलंय, एकाच हाताने चाललंय.

पैलवानाने विचारलं होतं: ताई, मास्तरांना ऐकू येतं ना नीट?

"तू काय म्हणालीस त्याला?"

"काही नाही. नुसतं बघितलं. माझ्या बापाच्या कानावर संशय घेतो म्हणून मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही."

"आणि तू काय विचारलं होतंस? बॅग उघडून?"

तिने बॅग जवळ ओढली.

"सांग."

"डायल लावू का, असं विचारलं होतं."

डायल. काट्याचं घड्याळासारखं मापयंत्र. स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याला, लाकडाने उचकलं की बेअरिंग किती सैल आहे ते काटा सांगतो. त्याला कान लागत नाहीत. एवढं लहान की बॅगेत मावतं. मावलंच होतं.

"मला वाटलं, तुम्ही नको म्हणताय म्हणजे गरज नसेल," ती म्हणाली.

"मशीन ढकलताना काय म्हणाली होतीस? हसून?"

"ते जाऊ द्या, बाबा."

ती जागा रिकामीच आहे.

•

मग डायल लावला. काटा हलला आणि हलतच गेला. तिने आकडा मोठ्याने वाचला नाही, वहीत लिहिला.

त्या मापाचं बेअरिंग आता कुणी बनवत नाही. बनवून घेतलं तरी ते जिथे बसतं ती स्पिंडलची जागाच खाल्ली गेली होती. नवं बेअरिंगही तिथे डुलत राहिलं असतं. व्यापाऱ्याला फोन तिनेच केला. फोन ठेवून माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "म्हणाला, तुमच्या मास्तरांनी कान लावून घेतलंय."

तरी तिने बुश काढले. मला हात लावू दिला नाही. गती अगदी कमी, काप केसाएवढा. बारा हवे होते, वीस काढले. माप घेतलं तर एकही धड गोल नाही, इकडून एक, तिकडून दुसरं. आत बोट फिरवून मी म्हणालो, "हे दोन तरी चालतील." ती हसली नाही, रागावलीही नाही. ड्रॉवरमधून लाल रंगाची बाटली काढली आणि वीसच्या वीस बुशांवर ठिपका दिला. बघायला कुणी नव्हतं. हाताची सवय.

जुन्या कारखान्यात ती जाऊन आली. तिच्या टेबलावर दुसरी बसली होती. नमुन्याचं त्यांनी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही.

"कसं झालं?" बायकोने विचारलं. मला नाही, तिला. जेवताना दोघी एकमेकींकडे तोंड करून बोलू लागल्या होत्या. बायको मला "मी सांगत नव्हते का" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. एरवी मीठ कमी पडलं तरी ती आठवडाभर ऐकवते.

•

मशीन तिथेच आहे. काँक्रीटमध्ये बोल्ट धरून बसलंय, काढायचं तर पाया फोडावा लागेल, आणि हा आवाज ऐकून ते घेणार कोण? मोठे, ओबडधोबड रोलर, फाटकांच्या कड्या, जिथे माप कुणी विचारत नाही असलं काही आलं तर त्यावर होतं. आठवड्यात एखादं येतं. ती कानात कापूस घालून चालवते. मला कापूस लागत नाही, असा विनोद मी एकदा केला. पैलवान असता तर हसला असता.

गेल्या आठवड्यात ती दांडा कापत होती आणि मी मागून शेव्हिंग्ज ओढायला आकडा घेऊन पुढे झालो. लोखंडाची तापलेली, सळसळत येणारी पट्टी. ती ओरडली म्हणे. दोनदा ओरडली. बाही थोडी फाटली, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी ती पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आली. जमीन झाडली, दोरी ताणून खडूने आखलं आणि मशीनभोवती पट्टा काढायला बसली. नीट, सरळ, दोन बोटं रुंद. सगळ्या चांगल्या शॉपमध्ये असतो.

"याच्या आत कुणी उभं राहायचं?" मी विचारलं.

तिने मान वर केली, मला दिसेल अशी. "जो चालवतो त्याने."

"आणि मी?"

"मशीन बंद असताना या ना. तेल घाला, पुसा. चालू असताना नाही."

"लाल बटण तर मला दिसतं."

"बाबा."

"बरं."

तिची कंबर भरून आली होती. तीन बाजू झाल्या, चौथी राहिली, ती दाराकडची. मी ब्रश तिच्या हातातून घेतला आणि खडूच्या रेघेवर टेकवला. तिने माझ्या खांद्यावर टकटक केलं. मी वर बघितलं. तळवा उभा धरून तिने तो हवेत दाराकडे सरकवला: अजून थोडं लांब.

मी खडूची रेघ पायाने पुसली आणि हातभर मागे सरकून पट्टा मारायला लागलो.