काठाला लागलेली आठ

चीनमधल्या फोयांग सरोवरावर मासेमारीबंदी आली तेव्हा सरकारने यू शुइशंगचं जाळं काढून घेतलं आणि हातात दुर्बीण दिली. चाळीस वर्षं ज्या नदीडुकरांना शिव्या घालून जाळ्यापासून हुसकलं, त्यांचीच आता राखण करायची. कागदावर त्यांना पॉर्पॉइज म्हणत, डॉल्फिनची चुलत भावंडं. कागदावर सगळेच जरा गोंडस दिसतात.

दर शनिवारी तो होडीतूनच कचेरीत फोन करी. "अमुक पोहताना दिसली, तमुक काठाला लागली," एवढंच सांगे आणि काठाला लागलेलं स्वतः पुरून येई. कचेरीतली थान नावाची शिकलेली मुलगी ते संगणकात भरी. होडीवर जन्मलेला माणूस पाण्यावर मरणाचा शब्द काढत नाही. माणूस असो की डुक्कर, ते 'काठाला लागतं'. शुइशंगच्या बापाने एकदाच तो शब्द काढला होता, आणि त्याच आठवड्यात थोरला भाऊ बुडाला.

वर्षअखेरीला कचेरीचे मोठे साहेब कोंग यांनी कचेरीच्या बोटीवर समारंभ ठेवला. सुकाणूवर शुइशंगचा एकुलता एक मुलगा शिंगवांग होता. लाल कापडावर लिहिलं होतं: 'एकोणीस होती, एकोणीस आहेत.' मासेवाचवू समारंभ असल्याने जेवणात फक्त तीन प्रकारचा मासा होता.

साहेब म्हणाले, "एकही जनावर कमी झालेलं नाही. तेव्हा पूर्वेच्या खाडीत रेती उपसायला आपण आज परवानगी देतो आहोत."

उरलेली सगळी त्याच खाडीत होती, पाठीवर व्रण असलेली मादी आणि तिचं पिल्लूही. शुइशंग थानकडे सरकला. "पोरी, एकोणीस कुठून आणलीस?"

"तुम्हीच दिलीत की, काका. पोहणारी अकरा आणि काठाला लागलेली आठ. ती काठाशी विसावतात ना?"

शुइशंग तडक साहेबांपुढे गेला. "साहेब, ती आठ धरू नका. ती काठाला लागलीत."

"तेच तर, यू दादा. काठापर्यंत यायला लागली, म्हणजे किती निर्धास्त झाली बघा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"बोट जरा काठाला घ्या," शुइशंग म्हणाला. "जमिनीवर नीट सांगतो."

"सही झाली की जाऊच. मासा थंड होतोय, बसा."

शुइशंगने सुकाणूकडे पाहिलं. शिंगवांग पाठमोरा उभा होता. बापाला काय बोलायचंय ते त्याला कळलं असावं, कारण त्याने मान वळवली नाही, फक्त इंजिन बंद केलं. त्या शांततेत साहेबांचं पेन कागदाला टेकलं.

"मेलीत," शुइशंग म्हणाला. "आठही मेलीत, साहेब. मी माझ्या हातांनी पुरलीत. हवी तर उकरून दाखवतो."

साहेब चिडले. "शुभदिनी असलं अभद्र बोलतात?" पण थान उठली होती. तिने साहेबांच्या हाताखालचा कागद ओढून घेतला आणि एकोणीसवर काट मारून अकरा लिहिलं.

शिंगवांगने कोणी न सांगता इंजिन सुरू केलं आणि बोट किनाऱ्याकडे वळवली. साहेब कुणाकुणाची नोकरी जाणार ते सांगत होते. शुइशंगला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं; तो मुलाकडेच पाहत होता. बोट टेकली, मुलाचे दोन्ही पाय चिखलात रुतलेले दिसले, तेव्हा कुठे शुइशंगने त्याच्यावरची नजर काढली.