वाडग्यातली बाज

जोतीरामने आपली बाज मेंढरांच्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, नेऊन टाकली आणि सगळ्यांना घामाचं कारण सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. बसल्या जागी छातीतून मानेपर्यंत आग चढायची, बंडी भिजायची आणि मग घोंगडं पांघरलं तरी हुडहुडी जायची नाही. पण घाम घरातही पुसता आला असता. त्याला बायकोपासून, तानुबाईपासून, लांब जायचं होतं.

आटपाडीकडच्या त्या माळावर जोतीराम एका कामासाठी ओळखला जायचा. नर कोकरं बडवायची, म्हणजे त्यांचं नरपण संपवायचं, ते त्यानेच. मेंढरं घेऊन रहिमतपूरकडे उतरला की तिथलेही लोक त्याला निरोप धाडत. चिमटा कुठे धरायचा, किती दाबायचा, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. बडवलेलं कोकरू पुढे कसं होतं तेही त्याने जन्मभर पाहिलं होतं. चरबी धरतं, शांत होतं, मेंढीच्या वाऱ्यालाही जात नाही.

त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं, पण मुलाला, विश्वजितला, आणि तेही निम्मं इंग्रजीत. बाहेर आल्यावर बाप लेकाकडे बघत राहिला आणि लेक औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे.

"हार्मोनचं इंजेक्शन हाय, दर तीन महिन्यांनी. जरा थकवा येईल," एवढंच विश्वजित म्हणाला. बापाशी याहून जास्त बोलणं त्याच्या जिभेवर आलंच नसतं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर जोतीरामच्या छातीला मऊ सूज आली. मांड्या उतरल्या. तानुबाई शेजारी असायची आणि त्याच्या मनात काही उठायचं नाही. एकदा तिनेच अंगावर हात टाकला, तर शरीर दगडासारखं पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुंडाचं कोकरू मांडीत दाबून चिमटा लावताना तो मध्येच थांबला. इंजेक्शन काय करतं ते त्याला कुणी न सांगता कळलं. "आज हात कापतोय," म्हणत त्याने चिमटा गुंडाच्या हाती दिला आणि त्याच संध्याकाळी बाज उचलली.

तानुबाईने एका शब्दाने विचारलं नाही. ताट ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. तिला कळलंय आणि किळस आलीय, असा अर्थ त्याने लावला. पुढच्या इंजेक्शनला नाही म्हणायचं त्याने ठरवून टाकलं. मरायचं तर गडी म्हणून मरू.

त्या खेपेला विश्वजितला कामासाठी साताऱ्याला जावं लागलं, म्हणून तानुबाई बरोबर आली.

"बाई, ह्ये इंजेक्शन आता नगं," जोतीराम टेबलाकडे बघत म्हणाला.

"का हो काका? रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे. रोग दबलाय."

"नगं म्हंजे नगं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही दोघं एकत्र झोपता का?"

त्याच्या कानापर्यंत आग चढली. या आगीत औषधाचा हात नव्हता. तानुबाईने पदर तोंडावर ओढला. ती उठून जाणार असं त्याला वाटलं, पण ती पदराआडूनच बोलली.

"चूक माझी झाली, बाई. औषध चालू असताना मी त्यांस्नी हात लावला. तवापास्नं त्ये बाहीर झोपत्यात. रोग वाढला न्हाई न्हवं त्यानं?"

"कोण म्हणलं तुला असं?" जोतीरामने विचारलं.

"कोण कशाला म्हणंल? बडवलेलं कोकरू सूज उतरस्तवर येगळं बांधता की तुमीच. मला वाटलं, तसंच पथ्य आसंल."

म्हणजे तिला खरंच माहीत होतं. "तुला कुणी सांगितलं?"

"विश्वजितनं अंकिताला सांगितलं, तिनं मला."

सुनेलाही माहीत होतं. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"हात लावल्याने रोग वाढत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, इच्छा औषधाने कमी झालीय. सगळं पहिल्यासारखं होईल असं मी सांगत नाही. गोळ्या आहेत, काहींना गुण येतो, काहींना नाही. पण इच्छा आपणहून येईल म्हणून वाट बघत बसू नका. आधी जवळ जा. कधी कधी ती मागून येते. आणि एकमेकांशी बोला."

"ह्ये? ह्ये मेंढरांसंगं बोलत्यात," तानुबाई म्हणाली.

जोतीरामने इंजेक्शनसाठी सदरा वर केला.

घरी पोचल्या पोचल्या तानुबाईने बाज डोक्यावर घेतली आणि भर दुपारी आत नेली. गुंडा बांधावरून बघत होता.

"काय वयनी, दादा आत निजाय लागलं व्हय?"

"व्हय. तुझं काय जातंया?"

जोतीराम मेंढरांत उगाच एकेकाचे खूर तपासत राहिला. आतून हाक आली, "आवं, या की."

तो आत गेल्यावर तिने कडी लावली. दोन्ही बाजा एकमेकींना लावलेल्या होत्या. तो कडेला बसला.

"बंडी काढणार न्हाई मी. छाती बायावाणी झालीया."

"माझी जलमभर बघितलीसा की. आता तुमची मी बघती."

अखेर त्याने बंडी काढली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तिचा खरखरीत तळवा पाठीवर आला. तो वाट बघत राहिला. शरीरात काहीच हललं नाही.

"काय व्हत न्हाई गं."

"मला त्ये बी पायजे हाय, खोटं कशाला बोलू," ती हळू म्हणाली. "पन ह्ये बी पायजे."

तेवढ्यात छातीतून आग उठली आणि तिच्या तळव्याखाली घाम फुटला. तो उठू लागला. तिने पदराने त्याची पाठ पुसली आणि हात पुन्हा तिथेच ठेवला. तिच्याकडे वळायची त्याला अजून लाज वाटत होती. भिंतीकडे तोंड तसंच ठेवून तो थोडा मागे सरकला.