सबवूफरची जागा

बल्गेरियातल्या प्लॉवदिवच्या रादोस्लावने आपल्या भारी स्टिरिओला जोडायला सबवूफर, म्हणजे खर्ज घुमवणारा खोक्याएवढा स्पीकर आणला. त्याची जागा शोधायची रीत अशी, की त्याला आपल्या खुर्चीत बसवून गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. खर्ज जिथे सुरेख घुमेल, ती त्याची जागा. रांगत रांगत रादोस्लाव थेट कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंच्या पायाशी पोचला; खर्ज नेमका तिथेच घुमत होता.

"उठा जावईबापू! माझ्या चीजभरल्या बानित्साला खारट म्हणालात, ते माफ केलं."

"माफी नको हो, तुमचा कोपरा हवाय!"

"तो मी मेल्यावर!"

रादोस्लावने चिडून गाण्याचा आवाज वाढवला. खर्जाच्या थरथरीने सासूबाईंचे आखडलेले गुडघे असे मोकळे झाले, की त्या उठून चक्क नाचू लागल्या.

"आणा तो खोका इथे," त्या धापा टाकत म्हणाल्या, "मी त्याच्यावरच बसते."

सबवूफरला जागा मिळाली. गाणी मात्र आता सासूबाई निवडतात.