वावेची भिंत

"हे टोक माझ्या टाळूवर धरा," म्हणत सरांनी सुतळी डॉक्टरबाईंच्या हातात दिली आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या बुटाखाली दाबलं. "घट्ट. आता तिथेच चिमटीत पकडा. ही झाली माझी उंची. आता हीच दोरी आडवी करू."

त्यांनी भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरले. डॉक्टरबाईंनी दोरी त्यांच्या एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत धरली. दोरी उरली, उरून खाली लोंबली.

"बघा! दोरी उरली, म्हणून आम्ही मास्तर झालो. ज्याला ती अपुरी पडते तो खेळाडू. अपुरी पडली की मी टाळी वाजवायचो. माझी टाळी ऐकली की पोरगा समजायचा, आपण संघात. पूर्वी हे टोक धरायला माझी मुलगी असायची. स्टुलावर चढून धरायची."

हे सगळं सर वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि दर वेळी आधी स्वतःच हसत. डॉक्टरबाईही हसल्या. विद्यापीठाच्या दवाखान्यात त्या नव्या होत्या. मोसम सुरू होण्याआधी बास्केटबॉलच्या प्रत्येक मुलाची तपासणी व्हायला हवी असा नियम यंदा निघाला होता, म्हणून त्या हॉलवर आल्या होत्या. मुलं अजून यायची होती, आणि तावडीत सापडलेला माणूस सर सहसा सोडत नसत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हॉलची एक किल्ली त्यांच्याकडेच होती. ती परत मागायची कुणाची छाती झाली नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीतून मैदानाकडे जाणाऱ्या बोळात ही भिंत होती. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या रंगाच्या रेघा, जोडीजोडीने: एक डाव्या हाताच्या टोकाची, एक उजव्या. मधे वर्ष आणि टोपणनाव. खरं नाव कुणाचंच नाही. सरांनी नाव ठेवलं की पोराचं बारसं झालं, घरचं नाव घरी. बगळा, शिडी, खांब, उंटाचं पिल्लू. जुने लोक विहिरीची खोली पसरलेल्या हातांनी मोजत आणि त्या मापाला वाव म्हणत, म्हणून ही वावेची भिंत. येत्या आठवड्यात तिच्यावर काच बसणार होती. विद्यापीठाच्या संघाचा इतिहास सांगणारं दालन उघडायचं होतं, चषक, फोटो, फाटके बूट सगळं मांडून, आणि भाषण अर्थातच सरांचं होतं. ते त्यांनी आरशासमोर पाठही केलं होतं.

"सुरुवातीला होतं काय आमच्याकडे?" भाषणातलाच एक तुकडा त्यांनी सुरू केला. "सिमेंटचं अंगण आणि एक कडी. वारा आला की बोर्ड हलायचा. आमच्याशी सामना म्हणजे समोरच्या संघाला सुट्टी. मग मी ही दोरी खिशात घालून फिरायला लागलो. शाळांचे मेळावे, भरतीच्या रांगा, मिळेल तिथे. नुसतं उंच असून भागत नाही हो. उंच पोरं पैशाला पासरी. हात हवेत. जुनी माणसं आजानुबाहू म्हणायची ना, तसे."

"आणि मिळाले?"

"शोधणाऱ्याला सगळं मिळतं. दोनाचे चार संघ होतील इतके मिळाले. पुढची दहा वर्षं आमच्यासमोर कोण उभं राहत नव्हतं."

डॉक्टरबाई चष्मा लावून एका टोकापासून रेघा बघत चालल्या होत्या. सर त्यांच्या मागून, घर दाखवणाऱ्या मालकासारखे. बाईंचं हसू केव्हाच मावळलं होतं, पण ते सरांच्या लक्षात आलं नाही.

"हा बगळा," बाईंनी विचारलं, "जाड भिंगांचा चष्मा लावायचा का?"

"तुम्हाला कसं कळलं? नाडीने बांधायचा डोक्याला. चष्मा पडला की समोरच्या संघाच्या हातात चेंडू द्यायचा पठ्ठ्या!"

"छाती मधे खोल गेलेली?"

"वाटी ठेवावी इतकी. तुम्ही त्याला ओळखता की काय?"

"नाही. आता कुठे असतो तो?"

सरांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो खिशात घातला.

"गेला. सरावातच गेला, या हॉलात. पाठीत काहीतरी फाटलं म्हणाला आणि खाली बसला. उन्हाळ्याचे दिवस होते. ऊन बाधलं असं सगळ्यांचं मत पडलं. दालनात पहिला फोटो त्याचाच लावलाय."

"आणि शिडी?"

"शिडी झोपेत गेला. खूप नंतर, चांगला नोकरीला लागून. माझ्याकडे फोन आला होता."

बाई भिंतीच्या मध्यावर थांबल्या. तिथली जोडी सगळ्यांत रुंद होती. दोन रेघांमधे एखादा पलंग आरामात बसला असता. मधे लिहिलं होतं: पंखा.

एरवी इथे पोचेपर्यंत सरांना धीर धरवत नसे. पंख्याचं माप घेतलं त्या दिवशी दोरी वीतभर अपुरी पडली होती आणि त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. स्टुलावर उभ्या असलेल्या मुलीला पुढे तोच पोरगा आवडला, तेव्हा तर आनंदाला पारावार राहिला नाही. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू घरचा जावई. लोक म्हणत, मास्तरांनी पोरीसाठीसुद्धा दोरी लावूनच नवरा आणला. सर ते वाक्य प्रशंसा म्हणूनच घेत.

"हा माझा जावई," ते आता एवढंच म्हणाले. "बँकेच्या जिन्यात कोसळला. पस्तिशीही गाठली नव्हती. हार्ट अटॅक."

"हार्ट अटॅक नसावा, सर."

बाईंनी जवळचं बाक ओढलं आणि सरांना बसायला लावलं. त्या सावकाश बोलल्या, रोग्याच्या नातेवाइकांशी बोलतात तशा. काही माणसांच्या शरीरातले धागे जन्मतःच सैल असतात. त्यामुळे हात, बोटं, पाय वाजवीपेक्षा लांब होतात. डोळ्यांतली भिंगं सरकतात, छातीचा पिंजरा आत जातो. ते सगळं चालतं. पण हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनीही तशीच सैल असते, ती फुगत जाते. आणि उड्या, धाव, धडक असं काही झालं की एखाद्या दिवशी फाटते.

"लांब हातांचा प्रत्येक जण आजारी नसतो, हे लक्षात ठेवा. बरेचसे ठणठणीत असतील. पण हा आजार पाच हजारांत एखाद्याला असतो, सर. बाहेर मला वर्षात एक रोगी दिसत नाही. तुम्ही मात्र चाळण लावून शोधलेत आणि एका जागी आणून पळवलेत."

"मी पोरं मारली म्हणता?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. त्या वेळच्या डॉक्टरांनाही सुचलं नाही."

हे सांत्वन सरांच्या कानावर पडलं, पुढे गेलं नाही. समोर तीच भिंत होती. काल संध्याकाळीच त्यांनी ती ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसली होती, काचेमागे धूळ राहू नये म्हणून.

"घरच्या घरी ओळखायची एक खूण असते," बाई म्हणाल्या. "अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटली, की त्याचं टोक पलीकडून बाहेर येतं."

सरांनी खिशातल्या खिशात मूठ मिटली. त्यांचा अंगठा आतच राहिला. राहणारच होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर बऱ्याच वर्षांपूर्वीची दुसरीच मूठ उभी राहिली, लहान, चिकट, बिस्किटाचा चुरा लागलेली. 'आजोबा, उंदीर बघा, बिळातून बाहेर आला!' आणि घरभर हसू. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलेला तो उंदीर.

बाई उठून भिंतीच्या शेवटच्या टोकाला गेल्या होत्या. तिथल्या जोडीजवळ त्यांनी बोट नेलं आणि मागे घेतलं.

"हा रंग ताजा आहे. टिल्लू कोण?"

पंख्याच्या खालोखाल रुंद जोडी ती. पोरगा कॉलेजात गेल्यापासून दोन वर्षं मुलगी त्याला संघात पाठवायला नाही म्हणत होती. ती शाळेत गणित शिकवायची, बोलायची कमी. "त्याचे हात पाहिले की मला तो बँकेचा जिना आठवतो, बाबा," एवढंच म्हणायची. सर तिची समजूत काढायचे. दुःखाने होरपळलेल्या माणसाला सावलीतही ऊन दिसतं, पोराने बापाचा खेळ खेळायचा नाही तर काय गोट्या खेळायच्या? गेल्या आठवड्यात ती एकदाची हो म्हणाली. "तुमच्या भरवशावर पाठवते," म्हणाली. सरांनी त्याच संध्याकाळी नातवाला हॉलवर आणलं होतं. इतकी घाई, की दोरी न लावताच रेघा ओढल्या होत्या. मापाची खात्रीच होती.

"माझा नातू," सर म्हणाले. "पंख्याचा मुलगा."

बाहेर पोरं येऊ लागली होती. कुणीतरी चेंडू आपटत होतं.

"उद्या सकाळी त्याला माझ्याकडे घेऊन या. आधी तपासू, मग बोलू. वेळेत कळलं तर औषधं आहेत, ऑपरेशन आहे. माणसं जगतात, सर. फक्त हा खेळ नाही." मग भिंतीकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि हिच्यावर काच बसवायची घाई करू नका. यांतले जे हयात आहेत त्या सगळ्यांना फोन करायला लागतील. टोपणनावावरून माणूस तुम्हालाच ओळखू येणार."

घरापर्यंतचा रस्ता सरांनी कसा कापला ते त्यांचं त्यांना ठाऊक. वाटेत दोन जुने विद्यार्थी भेटले. "सर, भाषण तयार?" त्यांनी विचारलं. सरांनी दोघांच्या हातांकडे पाहिलं आणि चालू लागले.

नातू दारातच होता. नवे बूट घालून घरात चालून बघत होता. सरांच्या खिशातून लोंबणारी सुतळी त्याला दिसली मात्र, त्याने टुणकन उडी मारून भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले. एक हात खिडकीच्या चौकटीला लागला, दुसरा कपाटाला.

"घ्या माप! त्या दिवशी दोरी लावलीच नाहीत तुम्ही. मला टाळी हवी आहे."

"आज नको."

"आजच. उद्या तिकडे सगळे विचारतील, टाळी मिळाली का म्हणून."

पोराची हौस मोडवेना. आणि सरांच्या मनात एक आशा चोरासारखी शिरली होती: कदाचित पुरेल. डोळ्यांनी घेतलेलं माप ते, चुकलंही असेल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दोरी पुरायला हवी होती. त्यांनी सुतळी बाहेर काढली. टाळूपर्यंत त्यांचा हात पोचेना, तशी आतल्या खोलीतून मुलगी आली. तपासत असलेल्या वह्या तिने खुर्चीवर ठेवल्या, काही न विचारता स्टूल ओढलं आणि वर चढून दोरीचं टोक धरलं, अगदी पूर्वीसारखं.

उंची झाली. दोरी आडवी झाली. मुलीने आपलं टोक नातवाच्या डाव्या बोटाशी धरलं, सरांनी उजव्या बाजूला ओढली. मनगटापर्यंत आली. त्यांनी आणखी ओढली. पण सुतळीच ती, रबर थोडंच होतं. मनगटाच्या पुढे तळहात उरला, त्यापुढे ती लांबच लांब बोटं उरली.

"अपुरी! अपुरी पडली!" नातू ओरडला. "आई, बघ! बाबांसारखीच!"

"हात खाली घे, बाळा," सर म्हणाले.

"आधी टाळी."

सरांनी त्याचा हात धरला आणि हळूच खाली आणला. मग तो हात सोडायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. मुलगी अजून स्टुलावरच होती. तिने मुलाकडे पाहिलं नाही, दोरीकडे पाहिलं नाही. ती वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "टाळी का नाही वाजवली?"

आपल्या हातातलं दोरीचं टोक तिने अजून सोडलं नव्हतं.