तिसऱ्या रांगेतले पाहुणे

माझा भाऊ भारत किती चांगला आहे, हे टेंभुर्णीत कुणालाही विचारा. तो कृषी केंद्रात कामाला आहे, कटकट्या गिऱ्हाइकाशीसुद्धा गोड बोलतो आणि बहिणीला शिकवतो. हे शेवटचं तर गावात इतकं बोललं गेलंय, की डिग्रीवर त्याचंच नाव येणार असं मला वाटायला लागलं होतं.

खोटं कशाला सांगू, मलाही तो तसाच वाटायचा. बारावीनंतर आप्पा, म्हणजे आमचे वडील, मला घरी बसवायला निघाले होते. दादा त्यांच्याशी ओसरीवर काय बोलला कुणास ठाऊक, पण त्या जूनमध्ये मी जालन्याच्या कॉलेजात बीएला होते. पहिल्या दिवशी एसटीत बसवताना तो म्हणाला, "शालू, तीन वर्षं हायेत तुझ्याजवळ. नाटक, भाषण, काय करायचं ते समदं करून घे. मंग म्हणू नको राहून गेलं."

मी ते अगदी मनावर घेतलं. वक्तृत्व स्पर्धेत बोलले, एनएसएसच्या शिबिरात खड्डे खणले, ग्रंथालयातल्या बाईंच्या डोक्याला ताप दिला आणि नाटकात घुसले ती घुसलेच. तालीम लांबली की दादा गाडी घेऊन जालन्याला यायचा आणि घरी सांगायचा, "जादा तास होते." परतीच्या रस्त्यावर माझे संवाद ऐकायचा. चुकले की हॉर्न वाजवायचा. भाऊ असावा तर असा, म्हणून मी वर्गात मिरवायचे.

आमची नाटकं बसवायच्या साधना मॅडम. बीए झालं की विद्यापीठात नाट्यशास्त्राला जा, हे त्यांनीच माझ्या डोक्यात भरवलं. मग मला दुसरं काही सुचेना. दादाला सांगितलं तर तो जरा थांबला आणि म्हणाला, "आप्पाला आधी तुझं काम बघू दे. गॅदरिंगला घेऊन येतो समद्यांना. मंग मी बोलतो त्यांच्याशी. ते माझ्यावर सोड." मी सोडलं.

यंदाची आमची एकांकिका एसटीतल्या एका म्हातारीवर होती. पंच्याहत्तरी ओलांडली म्हणून तिला फुकट प्रवास हवाय, पण पुरावा घरी राहिलाय. मग गावातली बारशी आणि मयती मोजून ती कंडक्टरला स्वतःचं वय पटवून देते. म्हातारी मी. तीन वर्षं एसटीने गेले-आले ते काय खिडकीबाहेर बघायला? पिशवी मांडीवर घेऊन बसणं, सीट धरायला खिडकीतून रुमाल टाकणं, कंडक्टरला आधी बाळा आणि मग मुडद्या म्हणणं, सगळं उचललं होतं मी.

पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत आमचं घर बसलेलं. आप्पा इस्त्रीच्या शर्टात, माय लग्नाकार्यातल्या साडीत, आणि दादा उभा राहून सगळ्यांना पाणी देतोय. शेजारी एक जाडजूड बाई, त्यांचे यजमान आणि मोबाईलमध्ये डोकं घातलेला एक मुलगा. जीप केली असेल तर घेतले असतील कुणी ओळखीचे सोबत, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले. मॅडमनी दम दिला की रडलीस तर सुरकुत्या पुसून जातील.

त्या दुपारी केलं तसं काम माझ्याकडून पुन्हा होईल असं वाटत नाही. बाकीची पोरं शिट्ट्यांसाठी खेळत होती, मी एका माणसासाठी खेळत होते. आप्पा हसले की माझं विद्यापीठ पक्कं, इतकं ते सोपं होतं. आणि आप्पा हसले. "तुझ्या आजाच्या लग्नात भाकरी थापायला मी होते, मुडद्या," असं मी कंडक्टरला सुनावलं, तेव्हा त्यांचं ते खोकल्यासारखं हसणं मला स्टेजवर ऐकू आलं.

पडदा पडला आणि माय धापा टाकत मागच्या खोलीत आली. काम चांगलं झालं, वाईट झालं, काही नाही. "जल्दी तोंड धू. केसातली पावडर झटक. ही साडी नेस." पिशवीत माझी मोरपंखी साडी होती. मला वाटलं, सगळ्यांसोबत फोटो काढायचाय. साबण डोळ्यात गेला तरी मी हसत होते, इतकी मी शहाणी.

बाहेर लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. त्या बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "आता कसं बराबर दिसतंय," त्या म्हणाल्या. "तिकडं तर बिलकुल बुढी दिसून राह्यली. म्हणलं, बघावं तरी काय." मायने मला ओळख करून दिली. या बेबीनंदाबाई, बदनापूरच्या, आणि मोबाईलवाला त्यांचा हरिओम. मग सुरू झालं. उंची किती, चष्मा लागतो का, स्वयंपाक येतो का. हातात पोह्यांचा ट्रे तेवढा नव्हता. लोक मुलगी दाखवायची तर घरात पाटावर बसवतात, माझ्या भावाने मला स्टेजवर उभं केलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो उगाचच खुर्च्या सरळ करत होता.

"पुढं शिकायचं म्हणती का?" बेबीनंदाबाईंनी विचारलं. मला नाही, त्याला.

"न्हाई न्हाई," दादा म्हणाला. "हौस फिटली तिची. परीक्षा झाली की मोकळी."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला असा राग आला की बोलल्याशिवाय राहवेना. मी सरळ आप्पांकडे बघून म्हणाले, "आप्पा, मला विद्यापीठात नाट्यशास्त्राला जायचंय. आत्ता लग्न नाही करायचं. दादाला सगळं माहीत आहे."

मग आप्पा तेच, खोकल्यासारखं हसले. "अजून नाटकातलंच बोलून राह्यली," ते पाहुण्यांना म्हणाले. बेबीनंदाबाई हसल्या, त्यांचे यजमान हसले, हरिओमनेही मोबाईलमधून मान वर केली. सगळ्यात मोठ्याने दादा हसला.

आप्पा आणि माय पाहुण्यांसोबत जीपने गेले. मी दादाच्या गाडीवर. जालना मागे पडल्यावर तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. बारावीनंतरच आप्पा तुझं लग्न उरकून राह्यल्ते. मीच म्हणलं, तीन वर्षं शिकू द्या, मंग पाहुणे मी आणतो. शब्द दिल्ता मी. त्या शब्दावर शिकलीस तू."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. मला वाटत होतं त्याने मला सोडवलंय. त्याने तर मला तारण ठेवलं होतं.

"आणि आप्पांशी बोलतो म्हणालास, ते?"

"तसं म्हणलं न्हाई तर तू पाहुण्यासमोर आली असतीस का?"

"शब्द तू दिलास, दादा. तो निस्तरायचाही तूच. मी जाणार आहे नाट्यशास्त्राला."

"येडी का तू," तो प्रेमाने म्हणाला. "माझी काय इज्जत राहील?"

मग मला स्वतःचाच राग येत असताना मी विचारलं, कारण महिनाभर त्या म्हातारीचा शब्द न् शब्द याच गाडीवर त्याने ऐकला होता. "माझं काम कसं झालं?"

"मी कुठं बघितलं? पाहुण्यांच्या चहापाण्याचं बघाय गेल्तो. पण चांगलंच झालं असंल."

रस्ता खड्ड्यांचा होता. तरी मी त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि सीटमागची दांडी धरली.